टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅरॅव्हॅनमध्ये टीव्ही: कोणता घ्यावा, करंट कुठून द्यावा?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याची कॅरॅव्हॅन करायलोय. मागच्या सीटा काढल्या, दोन पलंग बसवले, शेगडी, पाण्याची टाकी, दोन डीसी पंखे झाले. आता काम टीव्हीपाशी येऊन थांबलंय.

गाडी कशासाठी, ते आधी सांगतो, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. आईचे गुडघे गेलेत. तिला औंढा, परळी, तुळजापूर, माहूर असं सावकाश फिरवून आणायचंय. एकेका ठिकाणी दोन-तीन मुक्काम, कसलीच घाई नाही. लॉजचे जिने तिला चढवत नाहीत, म्हणून हा सगळा खटाटोप. दिवसा दर्शन, संध्याकाळी गाडीत आराम. संध्याकाळच्या बातम्या आणि मग तिच्या मालिका हा तिचा रोजचा नेम आहे, वडिलांना क्रिकेट लागतं. दोघांनाही मोबाईलच्या पडद्यावर बघणं जमत नाही, डोळ्यांतून पाणी येतं.

२४ इंची घेऊ का ३२? दुकानदार म्हणतो घरचाच टीव्ही आणि छोटा इन्व्हर्टर लावा, काम झालं. गाडीचं काम करणारा म्हणतो १२ व्होल्टचाच टीव्ही पाहिजे. कुणाचं ऐकू? आणि डिशची छत्री कुठली लावू? कुणी हे केलं असेल तर सविस्तर सांगा.

बालाघाट

दादा, फार चांगलं काम करताय. आई-वडिलांना स्वतःच्या अंथरुणावर झोपवत देवदर्शन घडवायचं, याहून चांगला गाडीचा उपयोग कोणता.

आम्ही बीडकडचे. आमच्या गाडीत २४ इंचीच आहे आणि तो पुरतो. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंगावरून पडद्यापर्यंतचं अंतर दीड-दोन मीटर, त्यापेक्षा जास्त नसतं. तेवढ्यावरून २४ इंचीवरची बातम्यांची पट्टीसुद्धा वाचता येते. ३२ इंची बसेल, पण मग खिडकी झाकली जाते, आणि एप्रिल-मे मध्ये खिडकी झाकणं आपल्याकडे परवडत नाही.

मांजरा

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. टीव्हीचा घाट घालण्यापेक्षा १० इंची टॅब घ्या आणि स्टँडवर ठेवा. वेगळी बॅटरी नको, छत्री नको, वायरी नकोत. यूएसबीवर चार्ज होतो. प्रवासात जितकं सामान कमी तितकं बरं.

नाथसागर

मांजरा दादा, तरुण माणसाला टॅब पुरेल. पण सत्तरीतल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. टॅब हातभर अंतरावर धरला तरच दिसतो, मग मान दुखते, आणि दोघांनी मिळून बघायचं म्हटलं की एकाला तिरकं बसावं लागतं. रोजच्या वेळेला रोजचा कार्यक्रम लागला की म्हाताऱ्या माणसाला परक्या गावातही घरच्यासारखं वाटतं. पूर्णाकाठ दादा, टीव्हीच घ्या.

घेताना पडदा बाजूने बघून घ्या. घरात आपण टीव्हीसमोर बसतो. गाडीत एक जण आडवा, एक जण कोपऱ्यात, एक जण ओट्यापाशी. काही पॅनल बाजूने किंवा खालून बघितले की काळपट पडतात, माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. आयपीएस पॅनल असेल तर हा त्रास बराच कमी असतो. दुकानात गेलात की टीव्हीसमोर उभं न राहता शेजारच्या भिंतीला टेकून बघा, आणि एकदा खाली बसूनही बघा.

दुसरं म्हणजे आवाज. पातळ टीव्हीचे स्पीकर मागच्या किंवा खालच्या बाजूला असतात आणि फार बारीक असतात. पंखा चालू झाला की संवाद ऐकू येत नाहीत. ऐकायला कमी येत असेल तर ब्लूटूथचा छोटा स्पीकर उशाशी ठेवा. टीव्हीत ब्लूटूथ आहे का, हे विचारून घ्या.

वायरमन_लातूर

मी इलेक्ट्रिशियन आहे, दोन-तीन गाड्यांचं असलं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी दुकानदाराचं म्हणणं तपासू. २४ इंची एलईडी साधारण २५ वॅट घेतो, सेट टॉप बॉक्स १० वॅट धरा. ३५ वॅट. रोज चार तास चालला तर १४० वॅट-तास. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे १२ अँपिअर-तासांच्या आत-बाहेर होतं, कन्व्हर्टरची गळती धरली तरी १३.

आता हेच इन्व्हर्टरवरून चालवलं तर काय होतं? बॅटरीतला डीसी करंट इन्व्हर्टर २३० चा एसी करतो, आणि टीव्हीचा अडॅप्टर तोच एसी परत डीसी करतो. दोन्ही ठिकाणी थोडा करंट नुसती उष्णता होऊन जातो. वर इन्व्हर्टर स्वतः चालू राहायला ८-१० वॅट खातो. म्हणजे ३५ चे पन्नासच्या आसपास झाले. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण खरं नुकसान टीव्ही बंद असताना होतं. इन्व्हर्टरचं बटन चालूच राहिलं तर उरलेल्या वीस तासांत ८ वॅटने १६० वॅट-तास गेले. टीव्हीने संध्याकाळभर जेवढं खाल्लं त्यापेक्षा जास्त, आणि बघितलं कुणी काहीच नाही. सकाळी बॅटरी उतरलेली दिसते आणि लोक टीव्हीला दोष देतात.

म्हणून माझा सल्ला, टीव्ही थेट १२ व्होल्टवर. पण थेट म्हणजे बॅटरीच्या वायरी टीव्हीत खुपसायच्या असं नाही. ज्या टीव्हीला बाहेरचा अडॅप्टर असतो, त्याच्या मागे छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं, १२ व्होल्ट ३ अँपिअर किंवा १९ व्होल्ट २ अँपिअर असं काहीतरी. त्यावर बारा लिहिलंय म्हणजे त्याला बाराच पाहिजेत. गाडीचं इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४ च्या वर देतो, रात्री बॅटरी उतरत आली की तीच ११.५ ला येते. हा चढउतार घरच्यासाठी केलेला टीव्ही सोसेलच असं नाही. मधे बक-बूस्ट कन्व्हर्टर टाका, आत ९ ते १८ काहीही आलं तरी बाहेर पक्के १२. कमीत कमी ५ अँपिअरचा घ्या. टीव्ही १९ व्होल्टचा असेल तर १२ चे १९ करणारा मिळतो, लॅपटॉपच्या कार चार्जरमध्ये असतो तसाच.

ज्या टीव्हीची २३० ची वायर सरळ सेटच्या आत जाते, तो सोडून द्या. त्याला इन्व्हर्टर लागणारच.

तुमच्याकडे मल्टीमीटर असेल तर इंजिन बंद असताना आणि चालू असताना बॅटरीवर किती दाखवतो ते कळवा. मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टच्या असतात, टेम्पो ट्रॅव्हलर १२ चा असतो, पण गाडी जुनी आहे, आधी कुणी काय बदललंय सांगता येत नाही. मोजलेलं बरं.

पूर्णाकाठ

मामा, लई उपकार. आजच मोजलं. इंजिन बंद १२.६, चालू केल्यावर १४.३.

दुकानातही जाऊन आलो आणि या वेळी फक्त मागची लेबलं वाचली. २४ इंचीत एक सेट १२ व्होल्ट ३ अँपिअरचा आहे, एक १९ व्होल्टचा, आणि एकाची वायर सरळ आत जाते. नाथसागर ताईंनी सांगितलं तसं बाजूने आणि खाली बसून बघितलं. १९ व्होल्टवाला खालून बघितला की पार काळा पडतो. १२ वाला ठीक आहे.

आता बॅटरीचं सांगा. गाडीचीच वापरू का वेगळी घेऊ? आणि बॅटरी ड्रायव्हरच्या बाजूला, टीव्ही पार मागे. वायर सहा मीटर तरी जाईल.

वायरमन_लातूर

गाडीच्या बॅटरीला हात लावू नका. ती स्टार्टरला क्षणभर मोठा करंट देण्यासाठी असते, रोज हळूहळू उतरवली तर लवकर बसते. आणि पहाटे माहूरच्या पायथ्याला गाडीच चालू झाली नाही तर आई-वडिलांना घेऊन तुम्ही काय करणार? टीव्ही-पंख्यांची बॅटरी वेगळीच पाहिजे.

वायरीचं तर मी लोकांना ओरडून सांगतो. टीव्हीवर हजारो रुपये घालतात आणि वायर मात्र घरात पडलेली बारीक घेतात. २३० वर बारीक वायर चालून जाते, १२ व्होल्टवर नाही, कारण तेवढ्याच वॅटला करंट जवळजवळ वीसपट जातो. सहा मीटर जायला आणि सहा यायला, बारा मीटर तांबं. एक स्क्वेअर एमएमच्या वायरीत ३ अँपिअरला ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. त्याच वायरीवर दोन पंखे जोडले तर सात अँपिअरला दीड व्होल्टच्या जवळ. बॅटरीवर १२.१ असताना मागे साडेदहा पोचले. सेट टॉप बॉक्स मग आपोआप बंद-चालू व्हायला लागतो आणि माणूस बॉक्स दुरुस्तीला नेतो. चार स्क्वेअरची वायर टाका, टीव्हीची वेगळी, पंख्यांची वेगळी. ३ अँपिअरला गळती ०.१५ व्होल्टवर येते.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात पाहिजे, टीव्हीपाशी नाही. वायर मधे कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कसलंच संरक्षण राहत नाही. टीव्हीच्या वायरीला ५ अँपिअरचा फ्यूज पुष्कळ झाला. पत्र्यातून वायर जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेची रिंग, बसवा.

सोलार_जालना

बॅटरी किती मोठी पाहिजे, त्याचं मी सांगतो. लोक टीव्हीची काळजी करतात, पण गाडीत खरा खाणारा पंखा. दोन डीसी पंखे २५ वॅटचे, रात्री आठ तास, ४०० वॅट-तास झाले. टीव्ही १४०. दिवे आणि मोबाईल धरून एकूण सव्वासहाशेच्या घरात.

१०० एएचची, म्हणजे १०० अँपिअर-तासांची, लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची असते, म्हणजे ६०० वॅट-तास. अगदी काठावर येतं. वर आपल्याकडची उष्णता. लेड-ॲसिडचा ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं, आणि परभणी-नांदेडचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय पाणी घालायची ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती झोपायच्या जागी ठेवूच नये. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. सुमारे १२८० वॅट-तास असतात, ८० टक्के वापरले तरी हजार मिळतात, आणि वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. महाग आहे, पण रोज वापरणार असाल तर वसूल होते.

एक काळजी घ्या. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला सरळ जोडू नका. ती रिकामी असताना इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मधे डीसी-टू-डीसी चार्जर लावा, २० अँपिअरचा. गाडी दोन तास चालली की ४० एएच भरली.

वर २०० वॅटचं सोलार पॅनल. छतावर आडवं ठेवायचं, ऊन चांगलं असेल तर दिवसाला ८०० वॅट-तासांपर्यंत मिळतात, श्रावणात त्याच्या निम्म्यावरही येतात. पॅनल पत्र्याला चिकटवू नका. तापलं की उत्पादन पडतं, साधारण अंशाला ०.४ टक्के. खाली चार बोटं हवा खेळू द्या. त्याची सावलीही छतावर पडते, गाडी आतून थोडी कमी तापते. पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसणारा चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा घ्या, तो पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढतो.

देवगिरी_२०

कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सीटा काढून पलंग बसवणं हा गाडीतला बदल आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे त्याला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि आरसी बुकात नोंद लागते. राज्य शासनाचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलंय, पण म्हणून घरी बदललेल्या गाडीला आपोआप परवानगी मिळत नाही. परभणीच्या आरटीओत आधी विचारा. अपघात झाला आणि आरसीवर बदल नसला तर विमा कंपनी तेच पहिलं काढते.

टीव्ही असा लावा की ड्रायव्हरला आरशातूनही दिसणार नाही. आणि गाडी पळताना बंदच ठेवा.

पूर्णाकाठ

आरटीओचं बरं झालं सांगितलं, सोमवारी जातो.

सोलार दादा, लिथियमच घेतो. पंखा टीव्हीपेक्षा तिप्पट खातो हे खरंच डोक्यात नव्हतं.

आता छत्रीचं. घरी पैसे भरायची डीटीएच आहे. तीच नेऊ का फ्री डिश लावू? आणि रोज नव्या जागी दिशा कशी शोधायची? आमच्याकडे छत्री लावायला येणारा मुलगा तासभर घेतो.

उदगीर_अँटेना

छत्रीचं मला विचारा, हे माझं आवडतं काम.

डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ पासून चालू आहे, महिन्याचा पैसा नाही, सह्याद्री वाहिनी त्यावर आहेच. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे यादी बदलत राहते. आईंच्या मालिका ज्या वाहिनीवर लागतात ती आज त्यावर आहे का, एवढं शेजारी कुणाकडे फ्री डिश असेल तर बघून या. नसेल तर घरचाच बॉक्स न्यावा लागेल, पण त्याआधी कंपनीला विचारा. प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळा, दिशाही वेगळी. मी खाली देतोय ते आकडे फक्त फ्री डिशचे.

फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व. आपण ७५ ते ७८ रेखांशावर, म्हणून उपग्रह आग्नेयेला दिसतो. परभणी, लातूर, धाराशिव, बीड कुठेही असा, होकायंत्रावर १३५ अंशांच्या अलीकडे-पलीकडे, आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. मराठवाडाभर एक-दोन अंशांचाच फरक पडतो. त्यामुळे एकदा घरच्या अंगणात तिपाईवर छत्री नीट लावली आणि वर-खालीचा कोन खिळवून टाकला की मुक्कामाला फक्त डावीकडे-उजवीकडे फिरवायची. तिपाई सरळ उभी आहे ना, हे ओळंब्याने नाहीतर छोट्या लेव्हलने बघा. तिपाई कलली की तुम्ही खिळवलेला कोन बिघडला.

दोन गोष्टींनी लोक फसतात. ६० सेंटिमीटरची ही छत्री ऑफसेट असते, म्हणजे तिचं तोंड जिकडे दिसतं त्याच्या बरंच वरून ती सिग्नल घेते. ६० अंशांवरचा उपग्रह पकडताना छत्री ३५ अंशांकडे बघतेय असं वाटतं, ते बरोबरच असतं. आणि मोबाईलचं होकायंत्र गाडीजवळ बघू नका, लोखंडाने काटा फिरतो. दहा पावलं लांब जाऊन दिशा बघा, समोरचं एखादं झाड किंवा खांब धरा, मग छत्रीपाशी या.

मग बॉक्सच्या मेनूत सिग्नलचा पडदा लावा. तिथे दोन पट्ट्या असतात. ताकदीची पट्टी कुठेही भरते, तिच्याकडे बघू नका. क्वालिटीच्या पट्टीकडे बघा. छत्री केसभर फिरवायची आणि दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. न थांबता फिरवत राहिलं की बरोबर जागा हातातून निघून जाते, आणि तासभर जातो तो यातच. पट्टी एकदम उडी मारून वर येईल. तिथून थोडं पुढे जा, कुठे पडते बघा, मागे या, तिकडे कुठे पडते बघा, आणि बरोबर मधे नट आवळा. हात बसला की दहा मिनिटांचं काम.

झाडाचा हिशेब सोपा आहे. ६० अंश वर बघायचं असल्यामुळे आग्नेयेकडच्या झाडाच्या उंचीच्या सहा दशांश अंतर सुटलं की पुरे. तीस फुटी लिंब असेल तर अठरा फूट लांब. गाडी सावलीत उभी करा आणि छत्री उन्हात ठेवा, मधे पंधरा मीटर केबल. फक्त गाडीच्या छतावर छत्री पक्की करू नका. मग सावली आणि टीव्ही यांतलं एकच मिळतं.

बालाघाट

हे शेवटचं अगदी खरं. आम्ही सौताड्याला झाडाखाली गाडी लावतो आणि छत्री मोकळ्यावर. तिपाईच्या मधोमध पाण्याचा पाच लिटरचा कॅन लटकवा, वाऱ्याने पडत नाही.

नाथसागर

उदगीर दादा, आमच्याकडे सगळं नीट असतानाही काही दिवस भर दुपारच्या आधी चित्र जातं आणि आपोआप येतं. ढग नाही, पाऊस नाही. असं कामून होतं?

उदगीर_अँटेना

ताई, कोणत्या महिन्यात होतं ते आठवून बघा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला असेल. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या जागेवरून बघितलं तर बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याचा स्वतःचा रेडिओ गोंगाट एवढा मोठा असतो की उपग्रहाचा सिग्नल त्यात बुडतो. फ्री डिशसाठी आपल्या भागात ही वेळ सकाळी अकराच्या आसपास येते, काही मिनिटं टिकते आणि काही दिवस रोज होते. बॉक्स, केबल, छत्री कशालाच हात लावू नका.

पूर्णाकाठ दादा, नवरात्रात तुळजापूरला असाल तर हे लक्षात ठेवा. त्याच दिवसांत एक फायदाही करून घेता येतो. अकरा वाजता छत्रीवर ऊन पडलंय का बघा. ऊन पडलं असेल तर उपग्रहाची वाट मोकळी आहे. फांदीची सावली पडली असेल तर तीच फांदी आड येतेय.

जोराच्या पावसात मात्र चित्र जाणारच. या लहरी पावसात अडतात, त्याला इलाज नाही. वळीव थांबेपर्यंत वाट बघायची.

मांजरा

एवढं वाचल्यावर माझं मत थोडं बदललं. टॅब बाजूला ठेवतो. पण एक विचारतो, आजकाल सगळे टीव्ही स्मार्ट येतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवलं तर छत्रीची गरजच काय?

बालाघाट

शहरालगत चालतं. पण डोंगराच्या कुशीत, धरणाच्या मागच्या बाजूला रेंज कधी असते कधी नसते, आणि यात्रेच्या दिवशी तर टॉवरवर एवढी गर्दी की फोनसुद्धा लागत नाही. म्हाताऱ्या माणसांसमोर चित्र गोल गोल फिरत राहिलं की ती उठून झोपायला जातात. दोन्ही ठेवा. क्रिकेटला हॉटस्पॉट, रोजच्या नेमाला छत्री.

वायरमन_लातूर

शेतात मुक्काम करणाऱ्यांसाठी एक कळकळीची गोष्ट. हुरड्याच्या दिवसांत पाहुण्यांच्या शेतात गाडी लागते आणि कुणीतरी प्रेमाने पंपाच्या खोलीतून वायर ओढून देतं. शेतातल्या लाईनचा न्यूट्रल कधी तुटेल सांगता येत नाही. तो तुटला की २३० च्या जागी चारशेच्या आसपास येऊ शकतात, आणि टीव्ही, चार्जर सगळं एका क्षणात जातं. आकडा टाकून दिलेला करंट तर घेऊच नका, तो जिवाशी खेळ आहे. गाडीचं अंग लोखंडाचं, आई अनवाणी ओल्या जमिनीवरून पायरी चढणार. बाहेरची वीज घ्यायचीच असेल तर गाडीत शिरते तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि जास्त व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर दोन्ही लावा, अर्थिंगची वायर जोडा, आणि त्या विजेवर फक्त बॅटरी चार्ज करा. टीव्ही बॅटरीवरूनच चालू द्या.

पूर्णाकाठ

मंडळी, सगळं बसवलं. २४ इंची १२ व्होल्टचा सेट, बक-बूस्ट कन्व्हर्टर, चार स्क्वेअरची वेगळी वायर, १०० एएच लिथियम, २०० वॅट पॅनल, फ्री डिश. आईची वाहिनी शेजाऱ्यांकडे बघून घेतली होती. आरटीओत अर्ज दिलाय, तपासणीची तारीख मिळाली की कळवतो. मंजुरी आल्याशिवाय लांबचा प्रवास नाही, तोवर सगळं अंगणातच चालवून बघतोय.

वायरमन मामा, टीव्हीच्या टोकाला रात्री सगळं चालू असताना मोजलं. बॅटरीवर १३.१, मागे कन्व्हर्टरच्या तोंडाशी १२.९. दोन पंखे, टीव्ही, दिवे असं रात्रभर चालवून सकाळी बॅटरी अर्ध्याच्या आतबाहेर होती, दुपारी दोनपर्यंत उन्हाने परत भरली.

एकच राहिलं. भिंतीवर कसा अडकवू? परळीकडचा आमचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे.

सोलार_जालना

टीव्हीच्या मागे चार भोकं असतात, त्यांचं अंतर मोजून त्या मापाची लॉकवाली ब्रॅकेट घ्या. ती नुसत्या प्लायवूडला कसू नका. प्लायच्या मागे लोखंडी पट्टी द्या आणि नटबोल्टने आरपार धरा, स्क्रूची पकड धक्क्यांनी सुटते. लांब हाताची ब्रॅकेट नको, हात जेवढा लांब तेवढा सांध्यावर ताण.

खराब रस्ता लागणार हे माहीत असेल तर टीव्ही काढून गादीवर पडदा खाली करून ठेवा, वर काही ठेवू नका. आणि उन्हात गाडी बंद उभी राहिली असेल तर आल्या-आल्या टीव्ही लावू नका. बहुतेक सेटच्या पुस्तिकेत ४० किंवा ४५ अंशांपर्यंतच चालवा असं छापलेलं असतं, बंद गाडीत त्याच्या कितीतरी वर जातं. खिडक्या उघडा, पंखा लावा, आईंचा चहा होईपर्यंत गाडी निवते, मग लावा.

वायरमन_लातूर

आकडे छान आलेत. पहिल्या मोठ्या प्रवासानंतर बॅटरीचे लग (वायरीच्या टोकाच्या कड्या), फ्यूजचा होल्डर आणि कन्व्हर्टरचे स्क्रू पान्याने आणि स्क्रूड्रायव्हरने परत आवळा. धक्क्यांनी ते सैल होतात, आणि सैल जोड तापतो. आवळताना आधी मायनसची वायर काढा. टीव्ही चालू असताना जोडांना हात लावून बघा, कोमट लागला तरी तो उघडून साफ करून परत बसवा.